मनिऑर्डर, भुईमूग आणि सेनेगालचा पडदा

(चित्रपट-रसिकांच्या एका अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

अर्थशास्त्राच्या मास्तराने चित्रपटावर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. परंतु आज ज्या चित्रपटांविषयी मला बोलायचे आहे, त्यांत पैसा हे एक प्रमुख पात्रच आहे. तो कोठून येतो, कोणाच्या हातून जातो आणि अखेर कोणाच्या खिशात मुक्काम करतो, हे त्यांत जितके स्वच्छ दिसते तितके मला वर्गातल्या फळ्यावर क्वचितच दाखवता आले. हे चित्रपट सेनेगालचे आहेत. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचा हा देश १९६० साली फ्रेंच सत्तेतून मुक्त झाला. डाकार ही त्याची राजधानी. आपल्या रसिकांना जपानचे कुरोसावा, इटलीचे डी सिका, स्वीडनचे बर्गमन चांगले परिचित आहेत. सेनेगालच्या उस्मान सेम्बेन यांचे नाव मात्र त्यांतल्या बहुतेकांच्या कानांवरूनही गेलेले नसते.

असे चित्रपट पाहिल्यावर आपण सहज म्हणतो की, एका नव्या सिनेमाचा शोध लागला. हा शब्द जरा तपासून घ्यावा. कोलंबसाला अमेरिकेचा शोध लागला तेव्हा तिथे माणसे राहतच होती. हे चित्रपटही कोठे हरवलेले नव्हते. ते आपल्यापर्यंत का पोहोचले नाहीत, हा खरा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर अभिरुचीपेक्षा बाजारपेठेच्या रचनेत अधिक सापडते.

प्रथम इतिहास पाहू. १९३४ साली फ्रान्सचे वसाहतमंत्री लाव्हाल यांनी एक हुकूम काढला. आफ्रिकेतील फ्रेंच वसाहतींत चित्रण करावयाचे तर सरकारची पूर्वपरवानगी हवी, असे त्याने ठरले. पुढे १९५५ साली पॉलँ व्हिएरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आपला लघुपट करायचा होता, तो त्यांना पॅरिसमध्ये करावा लागला. आफ्रिकेत चित्रण करण्याची परवानगीच मिळाली नव्हती. आपल्याकडेही परकी राज्य होते; तरीही दादासाहेब फाळके १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणू शकले. सेनेगालमधील सेम्बेन यांचा पहिला महत्त्वाचा लघुपट, ‘बोरोम सारेत’, आला १९६३ साली. मध्ये बरोबर पन्नास वर्षे गेली. कॅमेरा तोच, तो कोणी हाती धरायचा, हे सत्तेने ठरवले.

सेम्बेन यांचा जन्म १९२३ चा, झिगँशोर गावचा. वडील मासेमारी करीत. शिक्षण लवकर सुटले. दुसऱ्या महायुद्धात ते फ्रेंच सैन्यात होते. पुढे मार्सेयच्या गोदीत त्यांनी हमाली केली, कामगार संघटनेत काम केले आणि फ्रेंचमध्ये कादंबऱ्या लिहिल्या. १९४७-४८ च्या डाकार-नायजर रेल्वे कामगारांच्या संपावरील त्यांची कादंबरी १९६० साली प्रसिद्ध झाली. परंतु ज्यांच्याविषयी आपण लिहितो त्यांना आपले पुस्तक वाचताच येत नाही, ही गोष्ट त्यांच्या मनात सलत होती. म्हणून चाळिशीच्या उंबरठ्यावर हा मान्यता पावलेला लेखक मॉस्कोला जाऊन चित्रपटविद्या शिकला. चित्रपट ही त्यांच्या दृष्टीने रात्रशाळा होती.

‘बोरोम सारेत’ जेमतेम वीस मिनिटांचा आहे. डाकारमधला एक घोडागाडीवाला दिवसभर राबतो. कोणी भाडे देतो, कोणी तसाच उतरून जातो. एक गिऱ्हाईक त्याला शहराच्या श्रीमंत वस्तीत नेते. तिथे घोडागाड्यांना मज्जाव असतो. पोलीस गाडी जप्त करतो. गाडीवानाचे लढाईतले पदक खाली पडते, त्यावर त्याचा बूट पडतो. गाडीवान रिकाम्या हाताने घरी येतो. बायको मूल त्याच्या हाती देते आणि आज रात्री आपण जेवू, एवढेच सांगून बाहेर पडते. ती कोठे जाते, हे चित्रपट सांगत नाही. स्वातंत्र्य मिळून तीन वर्षे झालेली आहेत.

१९६८ चा ‘मंदाबी’ मला यांहून श्रेष्ठ वाटतो. मंदाबी म्हणजे मनिऑर्डर. डाकारमधील इब्राहिमा दियेंग हा बेकार गृहस्थ. दोन बायका, घरभर मुले. पॅरिसमध्ये रस्ते झाडणारा पुतण्या त्याला पंचवीस हजार फ्रँक पाठवतो: वीस हजार साठवून ठेवायचे, तीन हजार पुतण्याच्या आईला द्यायचे, दोन हजार दियेंगने घ्यायचे. वार्ता वस्तीभर पसरते. वाणी उधारी वाढवतो, शेजारी हात पसरतात. परंतु टपालकचेरीत ओळखपत्र लागते. ओळखपत्राला जन्माचा दाखला लागतो. दाखल्याला जन्मतारीख लागते आणि ती दियेंगलाच नेमकी ठाऊक नाही. फोटोसाठी दिलेले पैसे बुडतात. शेवटी एका शिकलेल्या, सुटाबुटातल्या नातेवाइकाला तो मुखत्यारपत्र देतो. नातेवाईक पैसे घेतो, ते चोरीला गेले असे सांगतो आणि दियेंगच्या पदरात तांदळाचे एक पोते टाकतो.

हे तांदळाचे पोते अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने नीट पाहावे. वसाहतीच्या काळात सेनेगालच्या शेतकऱ्याला निर्यातीसाठी भुईमुगाच्या मागे लावण्यात आले आणि पोटाला तांदूळ फ्रेंच इंडोचायनातून आणला गेला. पिकवायचे एक, खायचे दुसरे आणि दोन्हींचा व्यापार तिसऱ्याच्या हाती. साफी फाय या दिग्दर्शिकेने १९७५ च्या ‘कद्दू बेयकात’मध्ये आपल्याच गावच्या शेतकऱ्यांना पडद्यावर बोलते केले. भुईमुगाचे पीक बुडते, लग्नाचा पैसा उभा राहत नाही आणि तरुण नगोर डाकारची वाट धरतो. झाडाखाली बसून माणसे कराविषयी, पिकाविषयी बोलतात. एकपिकी शेती म्हणजे काय, हे शिकवायला याहून चांगले साधन मला तरी ठाऊक नाही.

‘मंदाबी’ महाराष्ट्रात परका वाटण्याचे कारण नाही. गिरणगावातून कोकणात जाणाऱ्या मनिऑर्डरीवर रत्नागिरी जिल्ह्यातली किती घरे उभी राहिली! त्या पैशाची वाट पाहणाऱ्या गावाने हा चित्रपट पाहिला असता, तर त्यास तळटिपांची गरज पडली नसती. तरीही तो त्या गावी कधी आला नाही. का आला नाही?

फ्रेंच भाषक आफ्रिकेतील चित्रपटगृहांचा पुरवठा स्वातंत्र्यानंतरही दोन फ्रेंच कंपन्यांच्या हाती होता. ‘मंदाबी’साठीही पैसा फ्रान्समधून घ्यावा लागला आणि त्याबरोबर अटी आल्या, वोलोफ भाषेच्या जोडीने फ्रेंच आवृत्तीही चित्रित करावी लागली. आफ्रिकेच्या प्रेक्षकाकडेच आफ्रिकेचा चित्रपट सहजी पोहोचत नव्हता, तिथे कोकणाची काय कथा?

सगळा दोष परक्यांवर टाकून मोकळे होणे सेम्बेन यांना मान्य नव्हते. १९७५ च्या ‘खाला’मध्ये देशी व्यापारी गोऱ्यांना चेंबर ऑफ कॉमर्समधून बाहेर काढतात, तेच गोरे नोटांनी भरलेल्या बॅगा घेऊन परत येतात आणि नवे मालक त्या मुकाट्याने स्वीकारतात. १९७७ च्या ‘सेद्दो’वर कवी-राष्ट्राध्यक्ष सेंघॉर यांच्या राजवटीत बंदी आली. कारण सांगितले गेले ते नावातल्या एका जोडाक्षराच्या स्पेलिंगचे!

हा सगळा प्रचार झाला, कला कोठे आहे, असा आक्षेप कोणी घेईल. त्यांनी जिब्रिल जोप माम्बेती यांचा १९७३ चा ‘तुकी बुकी’ पाहावा. मोटारसायकलला बैलाची शिंगे बांधून पॅरिसची स्वप्ने पाहणारा मोरी आणि त्याची मैत्रीण अंता यांची ती कथा. आयत्या वेळी अंता जहाजावर चढते आणि मोरी मागे पळत सुटतो. उपदेशाचा एक शब्द नाही. १९९४ च्या जानेवारीत सीएफए फ्रँकचे मूल्य एका फटक्यात निम्मे झाले. त्याच वर्षी माम्बेती यांनी ‘ल फ्राँ’ केला: एका गरीब वादकाला लॉटरी लागते, परंतु तिकीट दाराला पक्के चिकटवलेले असते, म्हणून तो दारच पाठीवर घेऊन निघतो. अवमूल्यनावर मी कैक व्याख्याने दिली; ते दार विद्यार्थ्यांच्या अधिक ध्यानात राहिले असते.

माम्बेती १९९८ साली गेले, सेम्बेन २००७ साली, साफी फाय २०२३ साली. ही धारा मात्र आटलेली नाही. माम्बेतींची पुतणी माती जोप हिच्या ‘अत्लांतिक’ला २०१९ साली कान महोत्सवात ग्राँ प्री मिळाले. डाकारमध्ये उंच मनोरा बांधणाऱ्या मजुरांचा पगार थकतो आणि ते होडीने युरोपच्या वाटेला लागतात, येथून ती कथा सुरू होते. गाडीवानापासून या मजुरांपर्यंत छप्पन्न वर्षे लोटली. थकलेली मजुरी तशीच आहे.

मित्रहो, यांतील काही चित्रपटांच्या जुन्या प्रती अलीकडे दुरुस्त होऊन उपलब्ध झाल्या आहेत. तेव्हा ते मिळत नाहीत, ही सबब आता पुरेशी नाही. काम उरते ते आपले. मराठी उपशीर्षके तयार करणे, ग्रंथालयाच्या सभागृहात, कामगार वस्तीत, तालुक्याच्या महाविद्यालयात पडदा लावणे आणि नंतर तासभर बसून बोलणे, याला फार भांडवल लागत नाही. रीतसर परवानगी मात्र घ्यावी. ज्या कलावंतांचे कष्ट आजवर इतरांनी लाटले, त्यांचे आपणही बुडवू नयेत. सुरुवात ‘मंदाबी’ने करा. मनिऑर्डरीची वाट पाहिलेले कोणी आजी-आजोबा त्या वस्तीत असतील, तर त्यांना पुढच्या रांगेत बसवा आणि चर्चेत पहिला शब्द त्यांना द्या.