पैसे दिले कोणी, घेतले कोणी?

(संस्थेच्या वार्षिक समारंभात वाणिज्य शाखेचे विद्यार्थी व पालक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय ऐकायला नवा वाटला, तरी त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न बाजाराइतकाच जुना आहे. रक्कम एका हातातून दुसऱ्या हातात गेली की ती दिली कोणी आणि घेतली कोणी, हे सांगता आले पाहिजे. आपल्या हुंडीच्या व्यवहारात याची सोय होती. नामजोग हुंडीची रक्कम तीत नाव असेल त्यालाच मिळे. शहाजोग हुंडी अनेक हातांतून फिरली, तरी शेवटी ती पत असलेल्या शहामार्फतच वटवावी लागे, आणि ती खोटी निघाल्यास रक्कम परत करण्याची जबाबदारी त्या शहावर येई. व्यवहार कितीही लांबला, तरी जाब विचारता येईल असा एक माणूस शेवटी उभा असे.

आता बिटकॉइनकडे वळू. सातोशी नाकामोतो या टोपणनावाने ३१ ऑक्टोबर २००८ रोजी एक निबंध प्रसिद्ध झाला आणि ३ जानेवारी २००९ पासून हे चलन सुरू झाले. येथे बँक नाही. खातेवही एकच, पण तिच्या प्रती जगभरच्या हजारो संगणकांवर ठेवलेल्या. ती कोणालाही वाचता येते. कोणत्या क्षणी किती रक्कम कोठून कोठे गेली, हे तीत कायमचे लिहिलेले असते. फक्त नावाच्या जागी अक्षरांची व अंकांची एक लांब माळ असते. तिला ‘पत्ता’ म्हणतात. असे पत्ते कोणाचीही परवानगी न घेता, हवे तितके तयार करता येतात. म्हणून ‘यात कोणाचा माग लागत नाही’ असा समज पसरला. तो अर्धवट आहे.

माग कसा लागतो ते पाहा. समजा, एखाद्याने तीन पत्त्यांवरील शिल्लक एकत्र करून एकच रक्कम चुकती केली. तिन्हींच्या किल्ल्या त्याच्याजवळ असल्याशिवाय हे सहसा होत नाही. म्हणजे ते तीन पत्ते बहुधा एकाच्याच थैलीतले. शिवाय, दुकानात मोठी नोट दिली की सुटे परत येतात, तसे येथेही उरलेली रक्कम देणाऱ्याच्याच एखाद्या पत्त्यावर परत येते. ते सुटे ओळखले की पुढची वाट सापडते. सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतः शेकडो लहान व्यवहार करून कोणते पत्ते कोणत्या पेढीचे आहेत हे हुडकले व २०१३ साली ते जगापुढे मांडले.

मात्र हे अनुमान आहे, पुरावा नव्हे. अनेक माणसे मुद्दाम आपल्या रकमा एकाच व्यवहारात मिसळतात, आणि मग वरचा तर्क फसतो. खरे नाव हाती लागते ते हा पैसा नेहमीच्या जगाला शिवतो तेथे: अदलाबदलीच्या पेढीत, बँकेत, दुकानात.

याचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. ऑगस्ट २०१६ मध्ये बिटफिनेक्स या पेढीतून सुमारे १,२०,००० बिटकॉइन चोरीस गेले. चोरलेली रक्कम हजारो व्यवहारांतून फिरवली गेली. परंतु तिचा काही भाग खऱ्या नावाने उघडलेल्या खात्यांत पोहोचला. काहीतून दुकानांची गिफ्ट कार्डे घेतली गेली आणि त्या खरेदीसाठी राहत्या घराचा पत्ता दिला गेला. फेब्रुवारी २०२२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एका दांपत्याला अटक झाली व ९४,००० हून अधिक बिटकॉइन जप्त झाले. नोव्हेंबर २०२४ मध्ये पतीला पाच वर्षांची शिक्षा झाली. सहा वर्षांपूर्वीची पाने त्या वहीत जशीच्या तशी होती.

कायदाही मागे राहिलेला नाही. फायनान्शियल अॅक्शन टास्क फोर्स या आंतरराष्ट्रीय संस्थेने जून २०१९ मध्ये ठरविले की, बँकेप्रमाणेच या पेढ्यांनीही रकमेसोबत देणाऱ्याचे व घेणाऱ्याचे नाव पुढच्या पेढीला कळवावे. भारतात ७ मार्च २०२३ च्या अधिसूचनेने या पेढ्या मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याखाली आल्या. गिऱ्हाइकाची ओळख पटवून घेणे व नोंदी जपणे त्यांना बंधनकारक आहे. पण दोन माणसांनी आपापल्या मोबाईलवरून परस्पर देवघेव केली, तर मध्ये पेढीच नसते. मग नाव विचारणार कोण?

मित्रहो, याचा आपल्या घराशी संबंध येथे येतो. आपल्यातील अनेक घरांचा चरितार्थ आखाती देशांतून येणाऱ्या पैशावर चालतो. ‘बँकेपेक्षा भाव चांगला देतो, डॉलरच्या किमतीला बांधलेले हे नाणे घे आणि तिकडे विकून टाक,’ असे सांगणारे भेटतात. ते नाणे अनोळखी गिऱ्हाइकाला विकले, रुपये खात्यात जमा झाले, की काम झाले असे वाटते. पण ते रुपये कोणा फसविल्या गेलेल्या म्हाताऱ्या माणसाचे असू शकतात. त्याने तक्रार केली की पोलीस रुपयांचा माग काढीत आपल्या खात्यापर्यंत येतात आणि खाते गोठते. बहिणीच्या लग्नासाठी साठविलेली रक्कमही त्यात अडकते. नाणे घेऊन गेलेला कोण होता, हे आपल्याला सांगता येत नाही. चार पैशांसाठी आपले खाते दुसऱ्याला वापरू देणाऱ्या विद्यार्थ्याची अवस्था याहून वाईट होते, कारण वहीत नाव त्याचेच असते.

म्हणून माझी विनंती एवढीच आहे. ज्याचे नाव खात्रीने सांगता येणार नाही, त्याच्याकडून पैसे घेऊ नका व त्याला देऊ नका. व्यवहार केलाच तर नोंदणीकृत पेढीमार्फत करा. तारीख, रक्कम, व्यवहाराचा क्रमांक व समोरच्याचे नाव आपल्या वहीत लिहून ठेवा. या व्यवहारातील नफ्यावर १ एप्रिल २०२२ पासून ३० टक्के आयकर लागू झाला, त्याच्या हिशेबालाही ही वही लागेल. फसवणूक झाल्यास शरमेने गप्प बसू नका. १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवा.

पूर्वीच्या व्यापाऱ्याची खरी पुंजी त्याची पत होती. हुंडी त्या पतीवरच वटे. पुढे नाणी व यंत्रे बदलतील, पण ‘हे पैसे कोणाचे?’ असे कोणी विचारले तर उत्तर देता येईल असाच व्यवहार आमच्या विद्यार्थ्यांच्या हातून घडो, अशी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.