ठोकळ्यांचे जहाज



संगणकावरच्या खेळाला वसंत व्याख्यानमालेत जागा कशासाठी, असा प्रश्न आजचा विषय वाचून काहींच्या मनात आला असेल. मी एवढेच विचारतो : दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करणारे पोर बुरूज किती, दरवाजा कोणत्या अंगाला, असे विचारून आपल्याला भंडावून सोडते की नाही? करावयास बसल्याखेरीज हे प्रश्न पडतच नाहीत. ‘माइनक्राफ्ट’ नावाचा, २०११ साली पूर्ण रूपात बाहेर पडलेला स्वीडनचा खेळ याच जातीचा. त्यातली सारी सृष्टी ठोकळ्यांची, आणि ठोकळ्याची प्रत्येक बाजू एक मीटर धरलेली.

या खेळात हौशी मंडळी बुडालेली जहाजे पुन्हा बांधतात. त्यांतले एक आवडते जहाज म्हणजे अमेरिकेचे ‘एडमंड फिट्झजेराल्ड’. १९५८ साली डेट्रॉइटजवळ रिव्हर रूज येथे ते पाण्यात सोडले, तेव्हा अमेरिकेच्या पंचमहासरोवरांत त्याहून मोठे जहाज नव्हते. काम एकच, लोहखनिज वाहण्याचे. ९ नोव्हेंबर १९७५ रोजी सुमारे २६,००० टन खनिजाच्या गोळ्या भरून ते विस्कॉन्सिनमधील सुपिरियर बंदरातून निघाले. दुसऱ्या दिवशी दुपारी कप्तान मॅकसॉर्ली यांनी मागून येणाऱ्या ‘आर्थर अँडरसन’ला बिनतारी यंत्रावरून कळविले की कठडा पडला आहे, जहाज एका अंगाला कलले आहे, पंप चालू आहेत. सायंकाळी सातच्या सुमारास, आम्ही तग धरून आहो, एवढा निरोप आला. पुढे काही मिनिटांतच ते सुपिरियर सरोवरात नाहीसे झाले. संकटाची हाक नाही. कप्तानासह २९ माणसे गेली. एकाचाही देह हाती लागला नाही.

आता बांधावयास घ्या. लांबी ७२९ फूट, म्हणजे २२२ ठोकळे. रुंदी ७५ फूट, म्हणजे २३. खोली ३९ फूट, म्हणजे १२. इथवर सोपे. पण डेकवर माल भरण्याची २१ तोंडे आहेत, आणि दर दोन तोंडांच्या मध्यांत २४ फूट अंतर. म्हणजे सव्वासात मीटरांहून किंचित जास्त. सात-सात ठोकळे मोजीत गेलात तर विसाव्या अंतरापाशी सहा ठोकळे कमी पडतात, आणि मागची खोली भलतीकडेच सरकते. म्हणून मधूनमधून आठ घ्यावे लागतात. अशा हिशेबात माणूस रात्र काढतो, आणि त्या रात्रीत ते जहाज त्याला पाठ होते.

खरी अडचण पुढे आहे. प्रत्येक तोंडावरचे पोलादी झाकण जाडीला इंचाच्या पाच-सोळांश, जेमतेम आठ मिलिमीटर. ते आवळून धरण्यास ६८ चाप. २१ तोंडांचे मिळून १,४२८. ठोकळ्यांच्या दुनियेत या चापांना जागाच नाही. आणि वाद तर नेमका तिथेच आहे! तटरक्षक दलाने १९७७ साली अहवाल दिला की तोंडे नीट बंद होत नव्हती, त्यांतून पाणी हळूहळू खाली भरले. १९७८ साली वाहतूक सुरक्षा मंडळाने सांगितले की लाटांच्या भाराने झाकणच कोसळले. जहाजमालकांच्या संघाला हे मान्य नव्हते; त्यांच्या मते कॅरिबू बेटाजवळच्या उथळावर तळ घासला. झाकणाचा दोष म्हटला तर बोट जहाजाकडे वळते, उथळाचा म्हटला तर वाटेकडे. तेव्हा हा वाद निव्वळ शास्त्राचा नव्हता, हे सांगावयास नकोच. बांधणाराचे जहाज मात्र तिन्ही पक्षांना सारखेच दिसते.

पण एक गोष्ट ठोकळ्यात चपखल बसते. १९६९, १९७१ आणि १९७३ या तीन साली भार भरण्याचे नियम सैल होत गेले, आणि जहाजाने मूळच्यापेक्षा ३ फूट ३। इंच अधिक खोल बसावे अशी मुभा मिळाली. याचे मीटर करा : जवळजवळ बरोबर एक! म्हणजे १९५८ चे जहाज मांडावयाचे तर एक ठोकळा वर, १९७५ चे तर एक ठोकळा खाली. मग डेक पाण्यापासून साडेअकरा फुटांवर येते. आणि त्या संध्याकाळी ‘अँडरसन’ने २५ फुटांपर्यंतच्या लाटा नोंदविल्या होत्या. अहवालाच्या पानात हा आकडा डोळ्यांखालून सहज निसटतो. एक थर काढून पुन्हा लावणाराच्या तो हातून जातो.

खेळात पाणी सपाट असते आणि लोखंडाचा ठोकळा बुडत नाही, तेव्हा बुडण्याचा देखावा उभा करण्याचा मोह पडला तरी तो खोटाच व्हावयाचा. मला तो रुचतही नाही. गेलेल्यांची मुलेबाळे अजून आहेत. १९९५ साली कुटुंबीयांच्याच इच्छेवरून ५३० फूट खोलीवरून जहाजाची घंटा वर आणली आणि तिच्या जागी २९ नावे कोरलेली दुसरी घंटा ठेवली. खेळातही घंटा मिळते, पण तिच्यावर नावे कोरता येत नाहीत. शेजारी पाट्या लावाव्या लागतात. पाटीच्या दर्शनी बाजूस चार ओळी मावतात. २९ नावांना आठ पाट्या लागतात.