पर्समधले शस्त्र आणि हातातली सिद्धता

(महिला संमेलनातील व्याख्यानाचे शब्दांकन)



२०१४ च्या जानेवारीत कानपूरच्या फील्ड गन फॅक्टरी या आयुध निर्माणीने एक रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. पॉइंट ३२ बोअरचे, सहा गोळ्यांचे आणि अवघ्या ५०० ग्रॅम वजनाचे. दिल्लीत १६ डिसेंबर २०१२ च्या रात्री जिच्यावर अमानुष अत्याचार झाला आणि जिला साऱ्या देशाने ‘निर्भया’ म्हटले, तिच्या स्मृतीला धरून या रिव्हॉल्व्हरचे नाव ‘निर्भीक’ ठेवण्यात आले. खास स्त्रियांसाठी घडवलेले भारतातील पहिले रिव्हॉल्व्हर म्हणून त्याचा बराच बोलबाला झाला. दागिन्यांच्या डब्यासारख्या गडद मरून रंगाच्या पेटीतून ते मिळत असे. किंमत होती सुमारे १ लाख २२ हजार रुपये.

त्यावर दोन्ही बाजूंनी बोलले गेले. शस्त्र हाती असलेल्या स्त्रीकडे वाकडी नजर करण्याचे धाडस कोणी करणार नाही, असे काहींनी म्हटले. उलट, मणिपुरात बंदुकीमुळे उद्ध्वस्त झालेल्या कुटुंबांतील स्त्रियांसाठी काम करणाऱ्या बिनालक्ष्मी नेप्राम यांनी या कल्पनेला कडाडून विरोध केला. बंदुकीची झळ ज्यांनी घरातच सोसली, त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या स्त्रीचा हा विरोध होता. त्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. तसेच, रात्रपाळी संपवून एकट्याने घरी परतणाऱ्या मुलीच्या मनातील भीतीही खोटी नाही. म्हणून आजचा विषय शस्त्र असावे की नसावे या वादापुरता मर्यादित नाही. एखाद्या स्त्रीने आत्मरक्षणासाठी शस्त्र घ्यायचे ठरवलेच, तर तिने ते कसे निवडावे आणि त्याआधी स्वतःला काय विचारावे, हा प्रश्न आहे.

हलके म्हणजे सोपे नव्हे

स्त्रीसाठी शस्त्र म्हटले की पहिला विचार वजनाचा होतो. स्त्रीचा हात नाजूक, तेव्हा शस्त्र हलके हवे, असा तो साधा हिशेब. परंतु बंदुकीच्या बाबतीत हा हिशेब उलटा पडतो. शाळेत शिकलेला न्यूटनचा तिसरा नियम येथे आठवावा. गोळी जितक्या जोराने पुढे जाते, तितक्याच जोराने शस्त्र मागे येते. काडतूस तेच राहिले आणि शस्त्राचे वजन ७०० ग्रॅमवरून ५०० ग्रॅमवर आले, तर मागे येणाऱ्या धक्क्याची ऊर्जा सुमारे १.४ पट होते. हलके शस्त्र पर्समध्ये सुखाने राहते, पण हातात अधिक उसळते. पॉइंट ३२ चे काडतूस तसे सौम्य असल्याने हा धक्का सोसता येतो, हे खरे. तरीही पहिल्या गोळीनंतर नेम पुन्हा जागेवर आणणे हलक्या शस्त्राने अवघडच जाते. अमेरिकेत अनेक स्त्रिया केवळ हलकेपणा पाहून लहानसे रिव्हॉल्व्हर घेतात, दोन-चार गोळ्या झाडून मनगट दुखले की सराव सोडून देतात आणि शस्त्र कपाटात पडून राहते, असा तेथील प्रशिक्षकांचा नेहमीचा अनुभव आहे.

दुसरी कसोटी पकडीची. शस्त्र हातात धरल्यावर त्याची नळी मनगट आणि कोपर यांच्या सरळ रेषेत आली पाहिजे, आणि त्याच स्थितीत तर्जनीचे पहिले पेर सहज चापावर टेकले पाहिजे. बोट पोचावे म्हणून हात वळवावा लागत असेल, तर ते शस्त्र त्या हाताचे नव्हे, मग ते कितीही नामांकित असो. तिसरी कसोटी चापाची. रिव्हॉल्व्हरचा घोडा आधी मागे न ओढता सरळ चाप दाबायचा, तर कित्येकदा चार-पाच किलोंच्या आसपास जोर लावावा लागतो. हा जोर पूर्ण हाताचा नसतो, एका बोटाचा असतो. त्या ताणाने नळी बाजूला सरकली की नेम चुकतो.

चौथी निवड रिव्हॉल्व्हर की पिस्तूल ही. रिव्हॉल्व्हरची रचना साधी असते. त्यात गोळ्या किती आहेत ते उघडून एका दृष्टिक्षेपात कळते, आणि एखादे काडतूस फुटले नाही तर पुन्हा चाप दाबून पुढचे काडतूस समोर आणता येते. पिस्तूल चपटे असल्याने कपड्यांखाली कमी दिसते, पण त्याची स्लाइड मागे ओढण्याची रीत हातवळणी पडावी लागते आणि मध्येच काडतूस अडकले तर ते काढण्याचा सराव लागतो. मॅगझिन काढून घेतले तरी नळीत एक गोळी शिल्लक राहू शकते, हे विसरल्याने जगभर अपघात झाले आहेत. भारतात ९ मिलिमीटरचे पिस्तूल निषिद्ध बोअरमध्ये मोडते. त्यामुळे सामान्य नागरिकापुढचा पर्याय मुख्यतः पॉइंट ३२ भोवतीच फिरतो. २०२३ च्या ऑगस्टमध्ये कानपूरच्याच सरकारी कंपनीने आणलेले ‘प्रबल’ रिव्हॉल्व्हरही याच बोअरचे, सुमारे ७०० ग्रॅम वजनाचे आहे.

या सर्व कसोट्यांचे सार एवढेच की, ज्या हाताने शस्त्र चालवायचे त्या हातानेच ते निवडले पाहिजे. अमेरिकेत स्मिथ अँड वेसन या कंपनीने विसाव्या शतकाच्या आरंभी एका छोट्या रिव्हॉल्व्हरला ‘लेडीस्मिथ’ नाव दिले आणि १९८९ मध्ये ते नाव पुन्हा बाजारात आणले. तेथे आज गुलाबी मुठीची शस्त्रेही मिळतात. मात्र जाणत्या स्त्रिया रंग पाहत नाहीत. त्या सरावकेंद्रात जाऊन चार-पाच शस्त्रे भाड्याने घेतात, चालवून पाहतात आणि मग ठरवतात. आपल्याकडे अशी सोय सहसा नसते. बहुधा पती, भाऊ किंवा दुकानदारच शस्त्र पसंत करतो. साडीचा पोतही स्वतःच्या हाताने पाहून घेणारी गृहिणी प्राणाशी गाठ असलेली वस्तू दुसऱ्याच्या पसंतीने का घेते, याचा विचार व्हावा.

पर्स ही जागा सुरक्षित आहे काय?

‘पर्समध्ये मावेल असे’ हे ‘निर्भीक’चे मोठे वैशिष्ट्य सांगितले गेले. पण रस्त्यावरचा चोर पहिला हात घालतो तो पर्सलाच. शस्त्र पर्समध्ये आणि पर्स चोराच्या हाती, म्हणजे आपलेच शस्त्र त्याच्या स्वाधीन केल्यासारखे. घरी आल्यावर पर्स टेबलावर पडते, आणि चॉकलेटच्या आशेने नातवंड त्यात हात घालते, हे दृश्य प्रत्येक घराला परिचित आहे. किल्ल्या, पेन, कंगवा यांच्या गर्दीत चापात काहीतरी अडकून गोळी सुटण्याचे भय वेगळेच. म्हणून जाणकारांचा सल्ला असा, की शस्त्र पर्समध्ये ठेवायचेच असेल तर त्यासाठी स्वतंत्र कप्पा हवा, त्या कप्प्यात दुसरी एकही वस्तू नको, आणि चाप पूर्ण झाकला जाईल असे कडक होल्स्टर हवे. शरीरावर बाळगणे त्याहून बरे. परंतु बहुतेक होल्स्टर पॅन्ट आणि जाड पट्ट्याच्या हिशेबाने शिवलेली असतात. साडी किंवा सलवार-कमीज नेसणाऱ्या स्त्रीला ही अडचण खरेदीपूर्वीच सोडवावी लागते.

वेळेचा हिशेबही मांडून पाहावा. १९८३ मध्ये अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटीचे पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्युलर यांनी दाखवून दिले की, २१ फुटांवरचा हल्लेखोर साधारण दीड सेकंदात अंगावर येऊन पोचतो. २१ फूट म्हणजे एका मोठ्या दिवाणखान्याची लांबी. तेवढ्या वेळात पर्सची चेन उघडणे, कप्पा शोधणे, शस्त्र काढणे आणि नेम धरणे हे रोजच्या सरावाशिवाय होत नाही. कमरेच्या शस्त्रापेक्षा मनाची सावधता आधी कामी येते. मागून येणारी पावले वेळीच ऐकणे, उजेडाच्या बाजूने चालणे, मोबाइलमधून डोके वर काढणे, ११२ हा क्रमांक हाताशी ठेवणे, ही सारी शस्त्राच्या आधीची शस्त्रे आहेत.

कायद्याची चौकट

शस्त्र कायदा १९५९ चा आहे आणि नियम २०१६ चे. परवाना पोलीस आयुक्त किंवा जिल्हा दंडाधिकारी देतात, तोही पोलीस चौकशीनंतर. नियमांनुसार शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र लागते. वयाची अट २१ वर्षांची आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत पाच वर्षांची झाली. परवाना व्यक्तीचा असतो, कुटुंबाचा नसतो. पतीच्या परवान्यावरचे रिव्हॉल्व्हर आत्मरक्षणासाठी म्हणून पत्नीने पर्समध्ये टाकून नेले, तर तो गुन्हा ठरतो. ही गोष्ट सुशिक्षित घरांतही ठाऊक नसते. शिवाय परवानाधारकाला जत्रा, धार्मिक मिरवणूक, सार्वजनिक सभा आणि शैक्षणिक संस्थेचा परिसर येथे शस्त्र नेण्यास मनाई आहे. निवडणुकीच्या काळात ते जमा करण्याचे आदेश निघतात. म्हणजे महाविद्यालयात जाणाऱ्या ज्या मुलीची आईवडिलांना सर्वाधिक चिंता वाटते, तिच्या वाटेवर हे शस्त्र बहुधा सोबत नसणार.

आत्मरक्षणाचा अधिकार मात्र कायद्याने स्पष्ट शब्दांत दिला आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेची कलमे ३४ ते ४४ त्याविषयी आहेत. बलात्काराच्या, अपहरणाच्या किंवा ॲसिड फेकण्याच्या हेतूने हल्ला झाला, तर हा अधिकार हल्लेखोराचा मृत्यू घडवण्यापर्यंत पोचतो. त्याचबरोबर, बचावासाठी आवश्यक तेवढाच बळाचा वापर करावा, असे बंधनही आहे. हल्लेखोर पाठ फिरवून पळू लागला आणि धोका टळला, की हा अधिकारही संपतो. त्यानंतर सुटलेली गोळी सूडाची मानली जाते. हा फरक न्यायालय पुढे अनेक महिने तपासते, पण तो ओळखायला स्त्रीजवळ असतो फक्त एक क्षण.

शत्रू कोण?

सर्वांत अवघड प्रश्न पुढेच आहे. बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक आरोपी पीडितेच्या ओळखीचे असतात, हे राष्ट्रीय गुन्हे नोंदणी कार्यालयाचे अहवाल वर्षानुवर्षे सांगत आहेत. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १८ ते ४९ वयोगटातील विवाहित स्त्रियांपैकी २९.३ टक्के स्त्रियांनी पतीकडून हिंसा सोसल्याची नोंद आहे. शस्त्र विकत घेताना डोळ्यांपुढे अंधाऱ्या गल्लीतला अनोळखी गुंड असतो. प्रत्यक्षात धोका अनेकदा नात्याचे, शेजाराचे किंवा हुद्द्याचे रूप घेऊन येतो. त्याच्यावर रिव्हॉल्व्हर रोखण्याची वेळ येत नाही. तेथे उपयोगी पडते ती मुलीचे म्हणणे ऐकून घेणारी आई, तिच्या पाठीशी उभा राहणारा बाप आणि तक्रार नोंदवायला सोबत येणारी शेजारीण. ज्या घरात मारहाण आहे, त्या घरात शस्त्र आले तर कपाटाची किल्ली कोणाच्या हाती असेल, हेही आधी विचारले पाहिजे.

याचा अर्थ स्त्रीच्या हाताला शस्त्र शोभत नाही, असा मुळीच नव्हे. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक जिंकले. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे सुवर्ण मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. स्त्रीचा हात किती स्थिर असू शकतो, याचे याहून मोठे प्रमाण नको. पण त्या एका पदकामागे वर्षानुवर्षांचा रोजचा सराव उभा आहे. शस्त्र विकत मिळते, हा सराव मिळत नाही.

खंडेनवमीला शस्त्र पुजायचे, तर आधी ते घासूनपुसून लख्ख करावे लागते. गंजलेल्या शस्त्राची पूजा कोणी करीत नाही. आत्मरक्षणाचेही तसेच आहे. ज्या भगिनीला शस्त्र घ्यायचे आहे, तिने ते स्वतःच्या नावाच्या परवान्यावर, स्वतःच्या हाताला पारखून घ्यावे. ते कुलपात ठेवावे, किल्ली स्वतःजवळ ठेवावी आणि नियमित सराव करावा. यांतले एकही जमणार नसेल, तर ती सुंदर मरून पेटी दुकानातच राहू द्यावी. त्यात कमीपणा काही नाही. आणि शस्त्र घेणाऱ्या व न घेणाऱ्या अशा दोघींच्याही घरी एक काम मात्र सारखेच उरते. संध्याकाळी उशिरा परतणाऱ्या मुलीला ‘उशीर का झाला?’ असे विचारण्याआधी ‘वाटेत काही त्रास झाला नाही ना?’ असे विचारणारा आवाज घरात असला पाहिजे. तो आवाज असेल, तर मुलगी बोलेल. ती बोलली, तरच तिचे रक्षण करता येईल.