निर्णय कोणी घेतला?

(कामगार कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



वेतन, बोनस, महागाई भत्ता हे नित्याचे प्रश्न बाजूला ठेवून इंग्रजी शब्दांची चर्चा अभ्यासवर्गात कशाला, असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. माझे उत्तर सरळ आहे. मोठ्या उद्योगांतील बहुतेक महत्त्वाचे निर्णय इंग्रजीत होतात, इंग्रजीत लिहिले जातात आणि कामगारांपर्यंत पोचतात तेव्हा ते बदलण्याची वेळ बहुधा टळून गेलेली असते. हे शब्द ज्याला उलगडत नाहीत, त्याच्या हाती वाटाघाटीला बसूनही फारसे काही लागत नाही.

शब्द किती काम करतो हे मुंबईच्या गिरणी कामगारांनी फार पूर्वी अनुभवले आहे. १९२८ च्या सार्वत्रिक संपामागे जी कारणे होती, त्यांत ‘रॅशनलायझेशन’ हे एक प्रमुख कारण होते. कोशात पाहिले तर हा शब्द बुद्धीचा, विवेकाचा. गिरणीत मात्र त्याचा अर्थ असा झाला की विणकराने दोनऐवजी तीन माग सांभाळावेत, कताई खात्यात एकाने दोघांचे काम करावे आणि उरलेल्यांनी घरचा रस्ता धरावा. संप सुमारे सहा महिने चालला. पण ज्या योजनेचे नावच ‘विवेक’ आहे, तिला विरोध करणारा अविवेकी ठरतो. म्हणजे युक्तिवादाला तोंड फुटण्यापूर्वीच एक बाजू दुबळी झालेली असते.

आजचे शब्द याच कुळातले आहेत. ‘रिस्ट्रक्चरिंग’, ‘ऑप्टिमायझेशन’, ‘राइटसायझिंग’! या शेवटच्या शब्दाने माणसे कमी करणे हेच ‘योग्य’ ठरवून टाकले आहे. त्याच्या जोडीला येते ती कर्त्यावाचून वाक्यरचना : ‘इट हॅज बीन डिसायडेड’. कोणी ठरविले? संचालक मंडळाने, व्यवस्थापकाने, की परदेशातील मुख्य कचेरीने? वाक्य मौन पाळते. आपणही निर्दोष नाही. ‘निर्णय घेण्यात आला आहे’ ही सरकारी मराठी त्याच साच्यातून निघालेली आहे.

आता चार शब्द नीट ध्यानात घ्या : ‘इन्फॉर्म’, ‘कन्सल्ट’, ‘निगोशिएट’ आणि ‘कन्सेंट’. कळविणे, विचार घेणे, वाटाघाट करणे आणि संमती घेणे. पहिल्यात निर्णय आधीच झालेला असतो. दुसऱ्यात आपले म्हणणे ऐकले जाते, पण ते मानण्याचे बंधन नसते. तिसऱ्यात देवघेव असते. चौथ्यात आपल्या होकारावाचून पाऊल पुढे पडत नाही. व्यवस्थापनाच्या पत्रात ‘कन्सल्टेशन’ लिहिलेले असते आणि प्रत्यक्ष बैठकीत नुसते कळविले जाते, हा आपला अनुभव. म्हणून ‘सहभाग’ या शब्दाने हुरळून जाऊ नये. तो कोणत्या पायरीवरचा, हे विचारावे. १९७६ साली बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने व्यवस्थापनातील कामगार-सहभाग ४३-अ या कलमात आला, पण मार्गदर्शक तत्त्व म्हणून. त्याच वर्षी पश्चिम जर्मनीने कायदा करून दोन हजारांहून अधिक कामगार असलेल्या कंपन्यांच्या पर्यवेक्षक मंडळात निम्म्या जागा कामगारपक्षाला दिल्या. समसमान मते पडल्यास निर्णायक मत मात्र अध्यक्षाकडे ठेवले, आणि अध्यक्ष सहसा भागधारकांच्या बाजूचा असतो. शब्द एकच, पायऱ्या किती निराळ्या!

म्हणून इंग्रजी टाकून द्या, असे मी म्हणणार नाही. आपले संरक्षणही याच भाषेत लिहिलेले आहे. अमेरिकी बातम्यांत ‘ले-ऑफ’ म्हणजे सरळ नोकरीवरून कमी करणे. आपल्या कायद्यात ‘ले-ऑफ’ म्हणजे मालकाला तात्पुरते काम देता न येणे. तेथे नोकरीचे नाते तुटत नाही. नाते तुटते ते ‘रिट्रेंचमेंट’मध्ये, आणि त्याची नुकसानभरपाई वेगळी. पत्रात कोणता शब्द आहे यावर घरची चूल अवलंबून असते.

‘परमिशन’ आणि ‘नोटीस’ यांचेही तसेच. ले-ऑफ, कपात वा कारखाना बंद करण्यासाठी सरकारची पूर्वपरवानगी हवी, ही तरतूद १९७६ मध्ये तीनशे कामगारांच्या कारखान्यांना लागू झाली. १९८२ च्या दुरुस्तीने ती मर्यादा शंभरावर आणली. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने ती पुन्हा तीनशेवर नेली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून संहिता अमलात आली. शंभर ते तीनशेच्या दरम्यानच्या कारखान्यातील कामगार एका आकड्याने ‘परमिशन’च्या छत्राबाहेर गेला.

तेव्हा कोणतेही पत्र हाती आले की तीन प्रश्न लेखी विचारा : हा निर्णय कोणी घेतला? केव्हा घेतला? तो बदलण्याचा अधिकार कोणाला आहे? आणि उत्तर मराठीत मागा. कारखान्याचे स्थायी आदेश बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेतही लावले पाहिजेत, हे तत्त्व १९४६ च्या कायद्याने मान्य केले होते. नियम समजून घेण्याचा हक्क ज्याला आहे, त्याला आपल्या पोटावर येणारा निर्णय समजून घेण्याचा हक्क नाही, असे कोणत्या तोंडाने सांगता येईल?