पट्टी चांगल्या डोळ्यावर

आज एकच गोष्ट सांगायची आहे, पण ती पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कारण दवाखान्यातून घरी पोचेपर्यंत नेमकी तीच विसरली जाते. मुलाचा एक डोळा 'आळशी' आहे म्हणून डॉक्टरांनी पट्टी दिली असेल, तर ती चांगल्या डोळ्यावर लावायची. आळशी डोळ्यावर नाही.

ऐकायला उफराटं वाटतं, पण दुखणं डोळ्यात नसतंच. पाहण्याचं काम डोक्याच्या मागच्या बाजूला, मेंदूत चालतं आणि ते काम मेंदू जन्मानंतर शिकतो, मुख्यतः पहिल्या सात-आठ वर्षांत.

ज्यांनी शेतात दारं धरली आहेत त्यांना हे लगेच कळेल. एकाच पाटावर दोन वाफे आहेत. एकाच्या तोंडाशी गाळ साचला की सगळं पाणी दुसऱ्यात जातं. तो हिरवागार, पहिला कोरडा. मुलाच्या एका डोळ्याला मोठा नंबर असतो किंवा तो तिरळा असतो, तोच हा गाळ, आणि मेंदूचं लक्ष हे पाणी. नंबराचा गाळ चष्मा दिला की निघतो. पण पाणी जुन्या वाटेनंच धावतं! मग तुम्ही काय करता? भिजलेल्या वाफ्याचं दार मातीनं बंद करता, तेव्हा कुठे कोरड्याला पाणी मिळतं. पट्टी म्हणजे ती माती. म्हणून चांगला डोळा झाकायचा.

न वापरलेल्या डोळ्याकडे मेंदू पाठ फिरवतो, हे डेव्हिड ह्यूबल आणि टॉर्स्टन वीझल या शास्त्रज्ञांनी 1960च्या दशकात दाखवून दिलं. मांजरीच्या पिल्लाची एक पापणी पहिले काही आठवडे शिवून ठेवली. नंतर उघडली तेव्हा डोळा ठणठणीत होता, पण मेंदूतल्या बहुतेक पेशी त्या डोळ्याला दादच देईनात. त्या दुसऱ्या डोळ्याच्या झाल्या होत्या. मोठ्या मांजरावर हाच प्रयोग केला, तर काहीच बिघडलं नाही. वयाचं महत्त्व किती, ते यावरून समजतं. 1981 साली या दोघांना नोबेल मिळालं.

शंभरातल्या दोन-तीन मुलांना हा त्रास असतो आणि घरात पत्ता नसतो, कारण चांगल्या डोळ्यावर मूल सगळं निभावून नेतं. वाचतं, पळतं, पतंगही उडवतं. आणि तिरळं मूल नशीबवान, असं म्हणून गप्प बसणारी घरं अजून आहेत. बायांनो, बाबांनो, त्या नशिबापायी लेकराचा डोळा जातो! मूल रडतं म्हणून पट्टी काढून टाकू नका. त्याला अंधूक दिसत असतं, ते रडणारच. त्या वेळात चित्रं रंगवायला द्या, तांदूळ निवडायला बसवा. सौम्य त्रास असेल तर बऱ्याच मुलांना दिवसाला दोन तासही पुरतात. किती वेळ, किती महिने, ते तुमचे डॉक्टर सांगतील. मनानं वाढवू नका, चांगल्या डोळ्यावरही लक्ष ठेवावं लागतं.

मूल दहा-बारा वर्षांचं झालं असेल तरी दाखवा. मोठेपणीही मेंदू थोडंफार शिकतो. दिल्लीत पवन सिन्हा या शास्त्रज्ञांच्या 'प्रकाश' प्रकल्पात जन्मतः मोतीबिंदू असलेल्या मोठ्या मुलांवर शस्त्रक्रिया झाल्या. दिसू लागल्यावर, हातानं चाचपलेली वस्तू नजरेनं त्यांना सुरुवातीला ओळखता येईना. काही दिवसांतच येऊ लागली.

घरी एवढं करून बघा. मूल खेळात असताना तळहातानं आधी एक डोळा झाका, मग दुसरा. एक झाकल्यावर ते शांत राहिलं आणि दुसरा झाकल्यावर हात झटकू लागलं, तर याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या. आणि पट्टी मिळाली तर, पुन्हा सांगते, चांगल्या डोळ्यावर.