वाटेची हाक

शिडाच्या होडीला वाऱ्याच्या थेट तोंडावर जाता येत नाही. वारा कधी उजव्या, कधी डाव्या अंगावर घेत तिला नागमोडी वाटेनेच पुढे सरकावे लागते, आणि शर्यतीतले बरेचसे तंटे या वळणांपाशीच उपजतात. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धेतील शिडांच्या शर्यती मुंबईच्या समुद्रात झाल्या. त्यांत फारोख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी ‘फायरबॉल’ वर्गाचे सुवर्णपदक जिंकले. त्याच मुंबई बंदरात नांगरलेली जहाजे आणि पाण्याखालचे खडक यांची मात्र वाण नाही.

समजा, दोन होड्या एकाच अंगावर वारा घेऊन खडकाकडे निघाल्या आहेत. वाऱ्याच्या आडोशाकडील होडीला अग्रहक्क असतो. परंतु वळताना तिचे नाक वाऱ्याची रेषा ओलांडते, त्या क्षणी तो हक्क संपतो. आणि वळावे तर वरच्या अंगाला दुसरी होडी उभीच! हक्क आहे, पण जागा नाही. या पेचासाठीच शर्यतीच्या नियमावलीत विसावा नियम आहे.

अडकलेल्या होडीने ‘रूम टू टॅक’ अशी हाक द्यावी आणि प्रतिसादास अवधी द्यावा. दुसरीने शक्य तितक्या लवकर स्वतः वळावे, किंवा तत्काळ ‘यू टॅक’ म्हणून हाक देणारीला वळण्याइतकी जागा करून द्यावी. मग हाक देणारीने रेंगाळायचे नाही. तिनेही लगेच वळलेच पाहिजे.

खडकच कशाला? उजव्या अंगावर वारा घेतलेली तिसरी होडी समोरून आली, तर डाव्या अंगावर वारा घेतलेल्या या दोघींना तीही अडथळाच ठरते. चंदीगडच्या सेक्टर ३४ मधील मराठी श्रोत्याला समुद्र दूरचा. परंतु १९५८ साली बांध घालून निर्माण केलेल्या तिथल्या सुखना तलावाचा काठ त्याने डोळ्यांसमोर आणावा. शिडाच्या होडीला तसा काठही अडथळाच.

प्रतिस्पर्ध्याला मागे रेटण्यासाठी कोणी खोटी हाक दिली तर? नियमाचा खरा कस इथे लागतो. हाक अयोग्य वाटली तरी ती आधी मानावीच लागते, तक्रार त्यानंतर. पाण्यावर वाद घालत बसले, तर तोवर होडी खडकावर आदळायची. मात्र अडथळा हीच शर्यतीची खूण असेल आणि दुसरी होडी न वळता तिला वळसा घालू शकत असेल, तर हाक देण्याचा अधिकार नाही. चूक उमगलेल्या होडीने इतरांपासून दूर होऊन, एकाच दिशेने दोन पूर्ण गिरक्या घ्याव्यात आणि पुन्हा शर्यतीला लागावे.