पुस्तकातला डबा



माझे शिक्षण सातवीपर्यंत. चारचौघींत उभे राहून बोलायची सवय नाही, तेव्हा चुकलेमाकले पदरात घ्या. मंडळाच्या कपाटातून उन्हाळ्याच्या सुटीत मुलांसाठी एक पुस्तक नेले होते, त्याविषयी सांगणार आहे. मुलांनी ते अर्ध्यावर टाकले. मी मात्र चार दुपारी निवडणे-टिपणे बाजूला ठेवून वाचून काढले.

पुस्तकाचे नाव 'तोत्तोचान'. तेत्सुको कुरोयानागी या जपानी बाईंनी आपल्या लहानपणची हकीगत लिहिली, ती १९८१ साली तिकडे प्रसिद्ध झाली. टोकियोत तोमोए नावाची शाळा होती. आगगाडीच्या जुन्या डब्यांत तिचे वर्ग भरत. मुख्याध्यापक कोबायाशी आयांना सांगत की, मुलांच्या डब्यात समुद्रातले काहीतरी द्या आणि डोंगरावरचे काहीतरी द्या. जेवणाच्या वेळी त्यांच्या पत्नी दोन पातेली घेऊन फिरत आणि ज्याच्या डब्यात जे नसेल ते वाढत. बायांनो, मी तिथेच पुस्तक मिटून बसले. शाळेत असताना मी झाकण आडवे धरून भाकरी-ठेचा खात असे. आमच्या धड्यातली आई नेहमी कोऱ्या साडीत, आणि माझी आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची. मला वाटे, आपली आई काही पुस्तकात बसायची नाही.

त्या शाळेत पोलिओने पाय गेलेला मुलगा आहे, उंची वाढायची थांबलेला मुलगा आहे. खेळांच्या दिवशी बक्षीस म्हणून मुळा-पालक देत. (आपल्या हळदीकुंकवाच्या प्लास्टिकच्या डब्यांपेक्षा बरे!)

पण मला खरा चटका लागला तो मासाओचानचा. हा कोरियन मुलगा. १९१० ते १९४५ कोरियावर जपानचे राज्य होते. तो एकदा तोत्तोचानच्याच अंगावर 'कोरियन!' असे ओरडतो. ती घरी येऊन आईला सांगते, तर आईचे डोळे भरून येतात. लोक त्याला तसे हिणवतात, म्हणून त्या पोराला वाटते की ती शिवीच आहे.

आता माझ्या घरची गोष्ट. आमच्या इमारतीच्या पहारेकऱ्याचा मुलगा आठ-नऊ वर्षांचा आहे. माझा धाकटा त्याला 'ए नेपाळी' म्हणून हाक मारी आणि सगळी पोरे हसत. मी गच्चीत कुरडया घालताना हे कितीदा ऐकले, पण बोलले नाही. एकदा तर मीही हसले होते.

पुस्तक संपले त्या संध्याकाळी मी त्या मुलाच्या आईकडे गेले. दोन वर्षे एका आवारात राहून तिचे नाव मला ठाऊक नव्हते. ती मूळची दार्जिलिंगची, म्हणजे आपल्याच देशातली. घरात बोलतात नेपाळी, एवढेच. तिने गुंद्रुक दाखवले. आपण हरभऱ्याचा पाला वाळवतो ना, तसेच. पण मोहरीचा, मुळ्याचा पाला आधी आंबवून मग वाळवायचा. वास उग्र, पण आमटी चांगली होते. आम्ही तासभर बोललो, अर्धे हिंदीत आणि अर्धे हातवाऱ्यांनी.

धाकट्याला मी रागावले. तो हाक आता नावाने मारतो, पण खेळायला मात्र अजून घेत नाही. खोटे कशाला सांगू?

मंडळाचे कपाट मी नंतर पुन्हा उघडून पाहिले. राजे, राक्षस, ससे भरपूर. पहारेकरी एकाच पुस्तकात सापडला, तोही मिशा आणि काठी एवढाच. दुसरी एक तऱ्हा आहे. सगळ्या धर्मांची मुले मुखपृष्ठावर हात धरून उभी, आणि आत एकही जण जेवत नाही की भांडत नाही. तसली पुस्तके मला आवडत नाहीत.

यंदा पुस्तके घ्यायला जाल तेव्हा मलाही बोलवा. ती दार्जिलिंगची बाई मंगळवारी मुलांना त्यांच्याकडची गोष्ट सांगायला तयार आहे. तिचे काम साडेचारला आटोपते, तेव्हा वेळ पाचची ठेवावी, एवढी विनंती करून मी खाली बसते.